बिनटपाची गाडी आणि सोवळ्यातले शौकीन

बरेच दिवस हे मनात खदखदत होतं. दोनदा लिहायला घेतलं आणि "जाऊ दे, कशाला उगाच वाद" म्हणून अर्धवट सोडलं. पण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी पुन्हा तेच वाक्य, त्याच तोऱ्यात ऐकवलं आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू. तेव्हा मंडळी, आजची पोस्ट भांडणाची आहे. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचा रस नाही त्यांनी (म्हणजे आमच्या घरच्या निम्म्या जनतेने) लगेच पळ काढू नये. गाडी नुसतं निमित्त आहे. भांडण माणसांशी आहे.

आधी निमित्त सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्शेने ९११ कॅरेरा टी या गाडीची नवी आवृत्ती आणली आणि तिच्यासोबत, टी-च्या बाबतीत पहिल्यांदाच, कॅब्रिओलेही आणली. कॅब्रिओले म्हणजे जिचा कापडी टप मागे दुमडून ठेवता येतो अशी उघडी गाडी. झालं ते एवढंच. बंद टपाची टी काही बंद झाली नाही. ती तिथेच शेजारी उभी आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी. पण माझ्या ओळखीच्या शौकिनांत असा आकांत उसळला की जणू कोणी चपला घालून गाभाऱ्यात शिरलंय. "टी-चा सत्यानाश केला." "हलकी गाडी म्हणवायची आणि वर टप उघडायच्या मोटरी लावायच्या?" "ज्याला गाडी चालवता येते तो टप काढत नाही." आणि शेवटी ते ठेवणीतलं वाक्य, ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय: "ही हेअरड्रेसरची गाडी झाली."

मी श्टुटगार्टजवळ राहतो. पोर्शेचा कारखाना ज्या त्सुफेनहाउझेन भागात आहे ते स्टेशन माझ्या रोजच्या लोकलच्या वाटेवर लागतं. त्यामुळे इथे ९११ बद्दल मत असणं हे पुण्यात मिसळीबद्दल मत असण्यासारखं आहे. नसेल तर लोक काळजीने बघतात. माझ्याकडे ९११ नाही, आणि माझ्या पगाराकडे बघता ती यायची शक्यताही नाही. पण देवळाबाहेर उभं राहूनही पुजाऱ्याची अरेरावी दिसतेच की.

घरच्यांसाठी थोडी प्रस्तावना. (जाणकारांनी दोन परिच्छेद उडी मारावी.) ९११ ही १९६३ साली लोकांसमोर आली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. बेडकासारखे डोळे आणि मागे उतरत गेलेली पाठ हा तिचा चेहरामोहरा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. यातल्या 'टी'चा अर्थ टूरिंग. १९६८ च्या मॉडेलपासून १९७३ पर्यंत ९११ टी नावाची गाडी होती आणि ती ९११ च्या घराण्यातली सगळ्यांत स्वस्त. २०१७ मध्ये कंपनीने ते नाव माळ्यावरून खाली काढलं, धूळ झटकली आणि एका नव्या कल्पनेला चिकटवलं.

कल्पना छान आहे, यात शंका नाही. इंजिन साध्या कॅरेराचंच ठेवायचं, पण गाडी आणि चालवणारा यांच्यामधले पडदे कमी करायचे. आवाज अडवणारे थर काढून टाकायचे, काचा पातळ करायच्या, गाडी दहा मिलिमीटर खाली बसवायची. २०२४ च्या टी-मध्ये तर ऑटोमॅटिक गिअर मिळतच नाहीत. सहा गिअर, हाताने टाकायचे, आणि दांड्याच्या टोकाला अक्रोडाच्या लाकडाची मूठ. ३९४ अश्वशक्ती. घराण्यातल्या इतर भावंडांच्या मानाने कमीच, पण टी घेणाऱ्याचा तोराच तो असतो: मला आकडे नकोत, मला गाडी हाताला जाणवली पाहिजे.

आता गंमत बघा. ज्या गाडीची सगळी थोरवी "आतबाहेरचे पडदे कमी केले" यात आहे, तिच्यावरचा सगळ्यात मोठा पडदा काढला तर ती बाटली? पाव मिलिमीटरने काच पातळ केली तर "अहाहा, इंजिन ऐकू येतं," आणि टपच दूर केला तर "छे छे, हे भलतंच"? मागे सहा सिलिंडर गुरगुरतायत, तुमच्या कानात आणि त्यांच्यात फक्त हवा आहे. याहून जास्त 'टी' आणखी काय असणार?

पण आपण न्यायाने जाऊ. त्यांचे मुद्दे एकेक करून घेऊ, कारण त्यातले काही खरे आहेत.

पहिला मुद्दा वजनाचा. खरा आहे. टप हा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका झाकणासकट हातात धरून पिळून बघा, पिळवटत नाही. झाकण काढून पिळा, लगेच वाकडा होतो. उघड्या गाडीचं तेच होतं. मग तिच्या तळाला, दाराखालच्या पट्ट्यांना, काचेच्या चौकटीला जास्तीचा आधार द्यावा लागतो. त्यात टप उघडणारी यंत्रणा आली. ९११ च्या या पिढीत तो टप बारा सेकंदांत उघडतो, ताशी पन्नास किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही, आणि त्याच्या आतल्या कमानींसाठी वजन वाचावं म्हणून मॅग्नेशियम वापरलंय. तरीसुद्धा बंद गाडीपेक्षा सत्तर-ऐंशी किलो वाढतातच.

सत्तर-ऐंशी किलो म्हणजे किती? एक माणूस. म्हणजे बंद टपाच्या टी-मध्ये आमच्या या गृहस्थांनी आपल्या सौभाग्यवतींना शेजारी बसवलं की त्यांची गाडी उघड्या टी-इतकी जड झाली. तेव्हा कोणी "सत्यानाश" म्हणत नाही. (म्हणून बघावं एकदा :-)) कंपनीचे आकडेही असंच सांगतात: थांबलेल्या गाडीपासून ताशी शंभर किमी गाठायला बंद टी-ला ४.५ सेकंद लागतात, उघडीला ४.७. फरक दोन दशांश सेकंदाचा. तेवढ्यात नीट शिंकसुद्धा येत नाही.

दुसरा मुद्दा कणखरपणाचा. तोही खरा. रेसच्या ट्रॅकवर, टायर किंचाळत असताना, शेवटच्या अर्ध्या सेकंदासाठी झगडणाऱ्याला बंद टपाची गाडीच हवी. कबूल, शंभर टक्के कबूल. पण माझ्या ओळखीतल्या या तक्रारखोरांपैकी ट्रॅकवर नियमित जाणारे किती? एका हाताची बोटं पुरतात आणि चहाचा कप धरायला अंगठा मोकळा राहतो. बाकीचे सगळे माझ्यासारखेच रविवारी सकाळी जंगलातल्या रस्त्याने फिरायला जाणारे. इथून ब्लॅक फॉरेस्ट जवळ. बाडन-बाडनपासून फ्रॉयडनश्टाटपर्यंत डोंगरमाथ्यावरून सुमारे साठ किलोमीटरचा 'बी ५००' नावाचा रस्ता आहे. वळणं, देवदारासारखी उंच झाडं, मध्येच ऱ्हाईनच्या खोऱ्याचा उघडा देखावा. जर्मनीत गावाबाहेरच्या अशा रस्त्यांवर वेगाची मर्यादा एरवीच शंभर, आणि या रस्त्यावर ठिकठिकाणी त्याहून कमी. तिथे सांगाडा केसभर जास्त पिळवटला हे ज्याला कमरेने कळतं त्याला माझा साष्टांग नमस्कार. पण पाऊस पडून गेल्यावर त्या झाडांचा वास येतो, तो मात्र कुणालाही नाकाने कळतो. टप उघडा असेल तर.

तिसरा मुद्दा परंपरेचा. "खरी पोर्शे बंद टपाचीच." इथे मात्र मला हसू आवरत नाही. पोर्शे हे नाव लावलेली पहिली गाडी, '३५६ नंबर एक', ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात तयार झाली आणि ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर यायचा परवाना मिळाला. ती कशी होती? उघडी. दोन माणसांची, बिनटपाची. म्हणजे घराण्याचा मूळ पुरुषच उघडाबोडका, आणि हे त्याच्या नावाने सोवळं नेसून बसलेत!

पुढे १९५४ मध्ये ३५६ ची स्पीडस्टर निघाली. अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांनी आग्रह धरला म्हणून. बुटकी काच, नावापुरता कापडी टप, आत फारसं काही नाही आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कॅलिफोर्नियातली मंडळी ती घेऊन आठवडाभर कामावर जायची आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यातच शर्यत पळवायची. जेम्स डीन हा नट १९५५ मध्ये स्पीडस्टरमधूनच शर्यतींत उतरला. ल मॉंची चोवीस तासांची शर्यत १९७६, १९७७ आणि १९८१ अशी तीनदा जिंकणारी पोर्शे ९३६ सुद्धा उघडीच होती. "ज्याला गाडी चालवता येते तो टप काढत नाही" हे वाक्य त्या चालकांना ऐकवायची माझी फार इच्छा आहे.

आणि खुद्द ९११ चं काय? १९६५ मध्ये पोर्शेने टार्गा दाखवली. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर सुरक्षेच्या कारणाने बंदी येईल अशी तेव्हा धास्ती होती, म्हणून डोक्यामागे पोलादी कमान ठेवून मधला टप निघेल अशी रचना केली. नाव ठेवलं सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून. आज ज्या मूळ 'टी'च्या पावित्र्यासाठी गळे काढले जातायत, ती ९११ टी टार्गा म्हणूनही विकली जात होती. १९७३ सालातली टी टार्गा आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसते आणि तिच्याभोवती हीच मंडळी हात मागे बांधून, माना डोलवत फिरत असतात.

त्याहून मजेदार गोष्ट पुढची आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ९११ गुंडाळायचं जवळजवळ ठरलं होतं. तिची जागा ९२८ ही पुढे इंजिन असलेली मोठी गाडी घेणार होती. १९८१ मध्ये पेटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी नंतर स्वतः सांगितलेली हकीकत अशी: मुख्य अभियंते हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता, त्यात इतर गाड्यांच्या रेषा पुढे जात होत्या आणि ९११ ची रेषा १९८१ ला संपत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेषा तक्त्याच्या बाहेर, पार भिंतीवरून ओढत नेली. ९११ वाचली. आणि वाचल्यावर लगेच तिच्यात काय आलं? कॅब्रिओले. १९८१ च्या फ्रॅंकफर्टच्या प्रदर्शनात नमुना, १९८२ च्या जिनिव्हाच्या प्रदर्शनात विक्रीची गाडी. मरता मरता वाचलेल्या ९११ ने पहिला मोकळा श्वास घेतला तो टप काढून. याला परंपरा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मग माझा प्रश्न असा. वजनाचा फरक एका माणसाचा, वेगाचा फरक शिंकेहून कमी, परंपरा पूर्णपणे विरुद्ध बाजूला. तरी एवढा राग का? आणि नेमका टी-च्याच वेळी का? साध्या कॅरेराची कॅब्रिओले तर वर्षानुवर्षं मिळतेय, तिच्यावर कोणी एवढं तोंडसुख घेत नाही.

माझ्या मते उत्तर टपात नाही, त्या एका अक्षरात आहे. टी हे अक्षर म्हणजे जाणकारांची खूण झाली होती. "मला परवडत नाही म्हणून नव्हे, मला कळतं म्हणून मी ही घेतली" असं सांगणारा बिल्ला. आता तोच बिल्ला ऊन खायला निघालेल्या, केस उडाले तर उडू देत म्हणणाऱ्या माणसाच्या गाडीवरही दिसणार. आपल्याकडे दादरा-ठुमरी गाणाऱ्याला कोणी "पंडित" म्हटलं की काही कानसेनांच्या कपाळावर आठी उमटते ना, तसंच आहे हे. ठुमरीने ख्यालाचं काही बिघडत नाही. पण आठी ख्यालासाठी नसतेच. आपल्या रांगेत हा कसा बसला, याची असते.

पुरावा हवा? २०१९ मध्ये पोर्शेने ९११ स्पीडस्टर काढली. उघडी. ५१० अश्वशक्ती, जीटी३ च्या घराण्यातलं इंजिन, हाताने टाकायचे गिअर, आणि फक्त १,९४८ गाड्या. तेव्हा कुठे गेलं होतं सांगाड्याचं पिळवटणं? तेव्हा याच लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे उघडी गाडी दुर्मिळ असली, भयंकर महाग असली की ती 'दंतकथा', आणि जरा जास्त लोकांना मिळू लागली की 'हेअरड्रेसरची'. हे गाडीबद्दलचं मत आहे की गर्दीबद्दलचं?

उलट्या बाजूचा पुरावाही आहे. जपानची माझदा एमएक्स-५ ही १९८९ पासून उघडी गाडी म्हणूनच जन्मलेली. हलकी, स्वस्त, साधा कापडी टप. २०१६ मध्ये तिचा दहा लाखांचा आकडा पार झाला. त्याच वर्षी माझदाने तिची आरएफ नावाची आवृत्ती दाखवली, जिचा टप कडक आणि दुमडता. झालं! तिथले शौकीन उठले: वजन वाढवलं, कापडी टपाची मजा घालवली, ही खरी रोडस्टर नव्हेच. म्हणजे एका गावात टप काढला म्हणून धर्म बुडतो, दुसऱ्या गावात टप बसवला म्हणून. यावरून टपाबद्दल काहीच कळत नाही. धर्म बुडाला म्हणायची हौस असलेल्यांबद्दल मात्र पुष्कळ कळतं.

आता त्या हेअरड्रेसरकडे येतो. मघापासून तिथेच यायचं होतं.

हा टोमणा जुना आहे. इंग्रजीत आहे, जर्मनमध्येही आहे. जर्मनमध्ये तर त्यासाठी मुद्दाम स्त्रीलिंगी रूप वापरतात, म्हणजे केस कापणारी बाई. आधी त्यातला ढोबळ मूर्खपणा बघा. जर्मनीत केस कापायचं काम रीतसर शिकायला तीन वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि ती करून मिळणारा पगार इथल्या कमी पगारांपैकी एक. त्या पगारात ९११ कॅब्रिओले? सुटं चाक घ्यायचं तरी विचार करावा लागेल. म्हणजे टोमणा वस्तुस्थितीला धरून नाहीच. मग त्याचा अर्थ काय? अर्थ एवढाच की जगात काही माणसं अशी आहेत ज्यांच्या आवडीला किंमत नाही. त्यांना जे आवडतं ते आवडणं हीच नामुष्की. बाई, हाताने काम करणारी, आणि वर स्वतःच्या दिसण्याची हौस असलेली. तिन्ही गुन्हे एका शब्दात बसवले.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. सदुसष्ट वर्षांच्या. जन्मभर नर्स होत्या, त्यातली बरीच वर्षं रात्रपाळी. निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पैशांतून त्यांनी जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची बॉक्सस्टर घेतली. (ही पोर्शेचीच, पण ९११ हून लहान, उघडीच.) थंडी असली तरी डोक्याला रुमाल बांधून, हीटर लावून, टप उघडून जातात. एकदा त्या शौकिनांच्या एका सकाळच्या मेळाव्याला गेल्या. तिथे एकाने त्यांच्या गाडीभोवती फेरी मारली आणि हसून म्हणाला, "छान आहे, बाजारहाट करायला उत्तम." दुसऱ्याने यजमान कोणती चालवतात ते विचारलं. त्या पुन्हा तिथे गेल्या नाहीत. मला हे त्यांनी जिन्यात सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. म्हणाल्या, "मी तीस वर्षं रात्री ट्यूबलाइटखाली काढल्या. मला आता आकाश पाहिजे. त्यांना काय पाहिजे ते मला कळलं नाही."

सांगा बरं, या बाईंना गाडीतलं कळत नाही? गाडीकडून आपल्याला काय हवंय हे इतकं नेमकं सांगू शकणारा त्या मेळाव्यात दुसरा कोण होता?

आणि आता आपल्या मंडळींना दोन शब्द. कारण तो टोमणा मी गेल्या आठवड्यात ऐकला तो जर्मन माणसाकडून नाही. अस्सल मराठीत, इथेच स्थायिक झालेल्या आपल्या एका माणसाकडून, आणि त्याने त्याचं भाषांतरही करून घेतलं होतं: "न्हाव्याची गाडी." सगळे खो खो हसले. हसणं इतकं सहज आलं, कारण आपल्या भाषेत त्याची पायवाट आधीच मळलेली आहे. हजामत हा शब्द आपण फजितीसाठी वापरतो. न्हावी, शिंपी, परीट यांच्यावरच्या म्हणी आपल्याला पाठ, आणि त्यातल्या कितीतरी म्हणींत तो माणूस हास्यास्पदच. साहेबाच्या टोमण्यात व्यवसायाचा आणि बाईपणाचा तुच्छपणा होता. आपण तो आयात केला आणि वर आपल्या घरची जात शिंपडली. आणि हीच मंडळी आषाढी एकादशीला इथल्या मंडळाच्या हॉलमध्ये टाळ घेऊन उभी असतात, संत सेना महाराजांचं नाव भक्तिभावाने घेतात. सेना महाराज कोण होते हो? नामावळीत घेताना आठवतं, गाडी पार्क करताना विसरतं. नोकरीसाठी सात हजार किलोमीटर लांब आलो, व्हिसा बदलला, पासपोर्ट बदलला, बर्फात गाडी चालवायला शिकलो. हा एक डाग मात्र आपण सुटकेसमध्ये नीट घडी घालून घेऊन आलो.

म्हणून मला या प्रकरणात नुसतं हसून सोडून देता येत नाही. गाडीचा टप ही क्षुल्लक गोष्ट आहे, मान्य. पण कोणाची हौस खरी आणि कोणाची खोटी हे ठरवण्याची सवय क्षुल्लक नाही. ती गाडीवरून कपड्यांवर येते, कपड्यांवरून बोलीवर, बोलीवरून माणसावर. किंवा खरं म्हणजे उलटं: ती माणसापासूनच निघालेली असते, गाडी फक्त शेवटचं स्टेशन.

याच्या उलट आमच्या नानाकाकांचं बघा. मध्ये फोनवर त्यांना या गाडीबद्दल सांगत होतो. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एवढे पैसे मोजून डोक्यावर छप्पर नाही? अरे, आम्ही वीस वर्षं छपराचेच हप्ते भरले!" बरोबरच आहे त्यांचं. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य स्कूटरवर, पावसात रेनकोट आणि उन्हात टोपी घालून गेलं, त्याच्यासाठी मोटार म्हणजे आधी छप्परच. आपल्याकडे उघड्यावर प्रवास करायला पैसे लागत नाहीत, न करायला लागतात. पण पुढे ते काय म्हणाले? "मला नको रे बाबा. तुला आवडते तर तू बघ."

मला नको. तुला आवडते तर तू बघ.

संपलं! चार शब्दांत नानाकाकांनी जे केलं ते या जाणकारांना वर्षभरात जमलेलं नाही. "मला नको" आणि "असूच नये" या दोन वाक्यांमध्ये अख्खा फरक आहे. पहिलं वाक्य स्वतःबद्दल आहे, त्याला पुरावा लागत नाही, त्याच्याशी वाद घालता येत नाही. बंद टप आवडतो? जरूर घ्या. वाऱ्याचा आवाज नको, ऊन नको, वजन नको, सगळी कारणं रास्त आहेत. दुसरं वाक्य मात्र दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणारं आहे, आणि त्यासाठी कारण तगडं लागतं. "मला बघवत नाही" हे कारण होत नाही.

कंपनीशी भांडूच नये असं माझं म्हणणं नाही. उलट भांडा, पण जिथे निवड हिरावली जाते तिथे. २०२३ ची ७१८ स्पायडर आरएस घ्या. उघडी, जीटी३ चं इंजिन, सगळं झकास, पण गिअर फक्त ऑटोमॅटिक. हाताने टाकायचे हवे असतील तर सोयच नाही. तिथे तक्रार करणाऱ्यांच्या मागे मीही उभा राहीन. टी कॅब्रिओलेच्या बाबतीत गंमत अशी की झालंय नेमकं उलट. २०२४ मध्ये सुधारून आलेल्या ९११ मालिकेत साधी कॅरेरा ऑटोमॅटिक, जीटीएस ऑटोमॅटिक. हाताने गिअर टाकायचे तर टी किंवा जीटी३ हे दोनच दरवाजे उरले, आणि जीटी३ तेव्हा बंद टपाचीच आली. म्हणजे उघडी टी नसती तर त्या वेळी उघड्या ९११ मधून क्लचचं पेडलच गेलं असतं. ज्या गोष्टीसाठी हे शौकीन जीव टाकतात, त्या हाताच्या गिअरला या 'बाटलेल्या' गाडीने आणखी एक घर दिलं. जुनी विद्या शिकायला एक विद्यार्थी वाढला, तर गुरुजींनी पेढे वाटायचे की त्याची जात विचारायची?

असो. बरंच लांबलं. सहब्लॉगकरांपैकी ज्यांना बंद टपच शास्त्रशुद्ध वाटतो त्यांनी खाली जरूर लिहा. वजनाबद्दल, वाऱ्याबद्दल, सांगाड्याबद्दल कितीही भांडा, मजा येईल. फक्त ते एक वाक्य माझ्या दारात आणू नका. आणि आणायचंच असेल तर पुढच्या वेळी केस कापून घेताना, मान खाली, गळ्याभोवती कापड आणि मानेवर वस्तरा असताना, ते मोठ्याने म्हणून दाखवा. मग मानेन, की गाडी चालवायला जी हिंमत लागते ती तुमच्यात आहे.